नदीजल तंटे, आंतरराज्यीय : मध्यस्थी व तडजोड

एकाहून अधिक राज्यांच्या प्रदेशांतून वाहणाऱ्या नदीच्या पाण्याचा वापर, वाटप वा नियंत्रण यांविषयी त्या राज्यांत उद्भवणाऱ्या वादास आंतरराज्यीय नदीजल तंटा असे म्हणतात. असे तंटे मिटविण्याचे स्थूलमानाने दोन मार्ग आहेत. पहिला न्यायनिर्णयाचा. त्यात राज्ये आपापले दावे न्यायालयापुढे वा न्यायाधिकरणापुढे मांडतात, साक्षीपुरावे होतात आणि अखेरीस मिळणारा निवाडा उभयपक्षांवर बंधनकारक ठरतो. दुसरा मार्ग तडजोडीचा. त्यात राज्ये परस्परांशी प्रत्यक्ष वाटाघाटी करतात किंवा एखादा त्रयस्थ मध्यस्थ त्यांना एकत्र आणून तोडगा सुचवितो. लवाद आणि मध्यस्थ यांत महत्त्वाचा भेद आहे : लवाद निर्णय देतो, तर मध्यस्थाला निर्णय देण्याचा अधिकार नसतो. तो केवळ पक्षकारांना निर्णयाप्रत आणतो. म्हणूनच मध्यस्थीतून निघालेला तोडगा हा पक्षकारांचा स्वतःचा तोडगा असतो.

पाण्याचा तंटा हा जमिनीच्या सीमातंट्याहून स्वभावतःच निराळा आहे. सीमारेषा एकदा आखली, की ती स्थिर राहते. नदीचा प्रवाह मात्र प्रतिवर्षी बदलतो. सुकाळाच्या वर्षी कोणासच तक्रार नसते आणि अवर्षणात निवाड्यातील प्रत्येक आकडा विवाद्य होतो. शिवाय तंट्यातील राज्ये एकमेकांचे शेजारी असून निवाड्यानंतरही त्यांना त्याच नदीवर एकत्र नांदावयाचे असते. या दोन कारणांमुळे नदीजलाच्या क्षेत्रात तडजोडीस विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

घटनात्मक व वैधानिक चौकट : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणी हा राज्यसूचीतील (नोंद १७) विषय आहे. तथापि आंतरराज्यीय नद्यांचे नियमन व विकास यांबाबतचा अधिकार संघसूचीतील ५६ व्या नोंदीने संसदेस दिला आहे. अनुच्छेद २६२ अन्वये अशा तंट्यांच्या निर्णयाची तरतूद संसद कायद्याने करू शकते आणि त्यांतून सर्वोच्च न्यायालयाची अधिकारिता वगळू शकते. या अनुच्छेदास अनुसरून १९५६ साली आंतरराज्यीय जलविवाद अधिनियम संमत झाला. या अधिनियमाची रचना लक्षणीय आहे. राज्याची तक्रार आल्यावर न्यायाधिकरण ताबडतोब नेमावयाचे नसून, वाटाघाटींनी तंटा मिटणे शक्य नाही असे केंद्र शासनाचे मत झाल्यावरच ते नेमावयाचे आहे. म्हणजे कायद्याने तडजोडीला अग्रस्थान दिले असून न्यायनिर्णय हा त्यानंतरचा उपाय मानला आहे. त्याच वर्षी संमत झालेल्या नदी मंडळ अधिनियमानुसार सल्लागार मंडळे स्थापून राज्यांत सहकार्य घडवून आणण्याची कल्पना होती. परंतु त्या अधिनियमाखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही.

ब्रिटिश काळातील पूर्वपीठिका : तडजोड आणि निवाडा यांतील ओढाताण या कायद्याहून जुनी आहे. कावेरीच्या पाण्यासंबंधी मद्रास इलाखा व म्हैसूर संस्थान यांच्यात १८९२ मध्ये करार झाला. पुढे कन्नंबाडी येथील धरणावरून (कृष्णराजसागर) वाद उद्भवला, तेव्हा तो न्या. एच. डी. ग्रिफिन यांच्या लवादाकडे सोपविण्यात आला. १९१४ सालचा त्यांचा निवाडा बव्हंशी म्हैसूरला अनुकूल होता. मद्रास सरकारने त्याविरुद्ध भारतमंत्र्यांकडे दाद मागितली व निवाडा अमलात येऊ शकला नाही. अखेर पुन्हा वाटाघाटी होऊन १८ फेब्रुवारी १९२४ रोजी उभयतांत करार झाला. त्यानुसार म्हैसूरचे कृष्णराजसागर व मद्रासचे मेत्तूर ही दोन्ही धरणे उभी राहिली. एका पक्षाने मनापासून न स्वीकारलेला निवाडा आणि दोघांना काही ना काही देणारा करार यांतील फरक येथे प्रथम स्पष्ट झाला.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने अशा तक्रारींच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याची तरतूद केली. त्याखाली सिंध व पंजाब यांच्यातील तंट्यासाठी सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने १९४२ मध्ये अहवाल देऊन न्याय्य विभागणीच्या तत्त्वाचा पुरस्कार केला. अहवालावर दोन्ही प्रांत असमाधानी राहिले. पुढे दोन्ही प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांनी आपसांत चर्चा करून १९४५ साली कराराचा मसुदा सिद्ध केला. मात्र नुकसानभरपाईच्या रकमेवर एकमत न झाल्याने तो अपुरा राहिला आणि लवकरच फाळणी झाली.

कृष्णा व गोदावरी : स्वातंत्र्योत्तर काळात या दोन नद्यांच्या तंट्यांचा इतिहास जवळजवळ समांतर घडला, त्यामुळे दोन मार्गांची तुलना करण्यास तो विशेष उपयुक्त आहे. जुलै १९५१ मध्ये नियोजन आयोगाने बोलाविलेल्या परिषदेत दोन्ही खोऱ्यांतील पाण्याची वाटणी ठरली. परंतु कृष्णेच्या वाटणीस म्हैसूरने संमती दिली नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने खोऱ्यांतील राज्यांच्या सीमाच बदलल्या आणि जुनी वाटणी निरुपयोगी ठरली. एन. डी. गुलाटी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६२ साली दोन्ही नद्यांसंबंधी अहवाल दिला, तरीही वाद मिटला नाही. एप्रिल १९६९ मध्ये केंद्र शासनाने दोन्ही नद्यांसाठी न्यायाधिकरणे नेमली. दोहोंचे अध्यक्ष न्या. आर. एस. बछावत हे होते.

कृष्णेच्या बाबतीत निवाड्याचाच मार्ग अनुसरावा लागला. ७५ टक्के भरवशाचा प्रवाह २,०६० अब्ज घन फूट धरून न्यायाधिकरणाने २४ डिसेंबर १९७३ च्या निर्णयान्वये महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घन फूट पाणी वाटून दिले. याखेरीज सिंचनानंतर नदीत परतणाऱ्या पाण्याचा हिस्सा स्वतंत्रपणे धरण्यात आला. अंतिम अहवाल मे १९७६ मध्ये आला. मुदत संपल्यावर २००४ साली न्या. ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखाली दुसरे न्यायाधिकरण नेमावे लागले. त्याने २०१० मध्ये निर्णय व २०१३ मध्ये पूरक अहवाल दिला. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो निर्णय राजपत्रात प्रसिद्ध होऊ शकला नाही. २०१४ साली तेलंगण राज्य निर्माण झाल्यावर तंट्यास आणखी एक पक्षकार मिळाला आणि २०२३ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगण यांच्यातील वाटणीचा प्रश्न याच न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आला.

गोदावरीच्या बाबतीत मात्र निराळे घडले. सु. ३,१२,८०० चौ. किमी. क्षेत्राच्या या खोऱ्यात त्या वेळी महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा (सध्याचे ओडिशा) व कर्नाटक अशी पाच राज्ये होती आणि खोऱ्याचे निम्म्याच्या जवळपास क्षेत्र महाराष्ट्रात होते. न्यायाधिकरणापुढे प्रकरण चालू असतानाच या राज्यांनी परस्परांशी वाटाघाटी सुरू केल्या. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. त्यानुसार गोदावरीवरील पैठण धरणापर्यंतचे आणि पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणापर्यंतचे सर्व पाणी वापरण्याची मुभा महाराष्ट्रास मिळाली. त्याखालच्या, पोचमपाड धरणापर्यंतच्या क्षेत्रात महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घन फुटांहून अधिक पाणी वापरू नये, असे ठरले. लेंडी, निम्न पैनगंगा व प्राणहिता हे प्रकल्प दोन्ही राज्यांनी संयुक्तपणे हाती घ्यावेत, असेही मान्य करण्यात आले. १९ डिसेंबर १९७५ रोजी पाचही राज्यांत व्यापक सहमती झाली आणि पुढील काही वर्षांत पूरक करार झाले. ऑगस्ट १९७८ मधील एका करारान्वये पोलावरम येथून ८० अब्ज घन फूट पाणी कृष्णा खोऱ्यात वळविण्यास मान्यता मिळाली. त्याच्या बदल्यात कृष्णेच्या वरच्या अंगास तेवढेच पाणी मुक्त होऊन त्यातील ४५ आंध्र प्रदेशास, २१ कर्नाटकास व १४ अब्ज घन फूट महाराष्ट्रास मिळावयाचे होते. न्यायाधिकरणाने आपल्या निर्णयात (२७ नोव्हेंबर १९७९ व ७ जुलै १९८०) हे करार समाविष्ट करून त्यांना निवाड्याचे बळ दिले.

या तडजोडीचे यश तिच्या पद्धतीत आहे. नदीत एकूण पाणी किती, या प्रश्नावर राज्यांचे अभियंते क्वचितच सहमत होतात. कारण मोजमापाच्या प्रत्येक आकड्यामागे एखादा दावा दडलेला असतो. गोदावरीच्या करारांनी एकूण प्रवाहाचे भाग पाडण्याऐवजी खोऱ्याचे टप्पे पाडले. अमुक धरणस्थळापर्यंतचे पाणी अमुक राज्याचे, असे ठरविल्याने मूळ आकड्यावरील वादच टळला. दुसरे असे, की प्रत्येक राज्यास ज्याची निकड होती ते त्याला मिळाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने मराठवाड्यातील जायकवाडी प्रकल्पाचे भवितव्य पणास लागले होते. १९६५ मध्ये लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचे काम तोवर पूर्ण होत आले होते व फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. करार झाला तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले शंकरराव चव्हाण यांचा पाटबंधारे खात्याशी दीर्घकाळ निकटचा संबंध होता. आंध्र प्रदेशास खालच्या अंगाच्या मोठ्या प्रकल्पांसाठी वरच्या राज्यांची संमती हवी होती. कारण त्यांचा बुडीत भाग त्या राज्यांत येणार होता. अशी देवघेव निवाड्यात संभवत नाही. न्यायाधीश हक्क ठरवितो, सौदा करू शकत नाही.

तडजोडीने सर्वच प्रश्न मात्र सुटले नाहीत. लेंडी व निम्न पैनगंगा प्रकल्प दीर्घकाळ रेंगाळले. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याविरुद्ध आंध्र प्रदेशाने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने १९७५ च्या कराराच्याच आधारे महाराष्ट्राचा ६० अब्ज घन फुटांतील हक्क मान्य केला. मात्र पावसाळ्यात, १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात, बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावीत, १ मार्च रोजी ठरावीक पाणी खाली सोडावे आणि त्यावर त्रिसदस्य समितीने देखरेख करावी, अशा अटी घातल्या. करार स्पष्ट शब्दांत लिहिलेला असल्याने न्यायालयास नव्याने वाटणी करावी लागली नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे २०१६ मध्ये महाराष्ट्र व तेलंगण यांनी तुमडीहेटी, मेडीगड्डा व चनाखा-कोरटा येथील बंधाऱ्यांसंबंधी आपसांत करार केले. पैठणच्या वरच्या पाण्यावरील महाराष्ट्राचा हक्क निर्विवाद झाला, तरी नाशिक-अहमदनगर (अहिल्यानगर) व मराठवाडा यांच्यातील त्याच्या वाटणीचा वाद राज्यातच उरला.

नर्मदा : नर्मदेच्या तंट्यात तडजोड व निवाडा यांची सांगड वेगळ्या प्रकारे घातली गेली. १९६९ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण नेमल्यानंतर काही मुद्द्यांवर राज्यांनी १२ जुलै १९७४ रोजी करार केला. नदीतील ७५ टक्के भरवशाचा प्रवाह २ कोटी ८० लाख एकर-फूट मानावा आणि त्यातून महाराष्ट्रास अडीच लाख व राजस्थानास पाच लाख एकर-फूट पाणी द्यावे, हे सहमतीने ठरले. गुजरात व मध्य प्रदेश यांतील वाटणी आणि धरणाची उंची हे मुद्दे न्यायाधिकरणावर सोपविण्यात आले. त्याने मध्य प्रदेशास १ कोटी ८२.५ लाख व गुजरातेस ९० लाख एकर-फूट पाणी देऊन सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी ४५५ फूट निश्चित केली. मात्र नदीकाठच्या विस्थापितांना वाटाघाटींत वा न्यायाधिकरणापुढे पक्षकार म्हणून स्थान नव्हते. निवाड्यात जमिनीच्या मोबदल्यात जमीन देण्याची तरतूद होती; परंतु तिच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्रातील अक्राणी-अक्कलकुवा भागातील ३३ गावांसह तिन्ही राज्यांतील आदिवासींना दीर्घ लढा द्यावा लागला. राज्यांतील तडजोड म्हणजे लोकांतील तडजोड नव्हे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

सिंधू : सार्वभौम राष्ट्रांच्या संदर्भात मध्यस्थीचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण सिंधू जलकराराचे आहे. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पश्चिम पंजाबात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले. ४ मे १९४८ रोजी तात्पुरता समझोता झाला. अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएन्थाल यांनी १९५१ मध्ये या प्रश्नाकडे अभियांत्रिकी दृष्टीने पाहण्याची सूचना केली आणि जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी मध्यस्थीची तयारी दर्शविली. संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विकास करण्याची मूळ कल्पना फलद्रूप झाली नाही. तेव्हा बँकेने १९५४ मध्ये नद्याच वाटून देण्याचा प्रस्ताव मांडला : रावी, बियास व सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम व चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानकडे. पाकिस्तानला पर्यायी कालवे व धरणे बांधण्यासाठी लागणारा पैसा बँकेने अनेक देशांकडून उभा केला आणि भारतानेही सु. ६ कोटी २० लाख पौंड देण्याचे मान्य केले. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे जवाहरलाल नेहरू व अयूबखान यांनी करारावर सह्या केल्या. मध्यस्थापाशी तांत्रिक ज्ञान आणि द्रव्यबळ ही दोन्ही होती, हे या यशाचे मुख्य कारण होय. १९६५, १९७१ व १९९९ च्या युद्धांतही करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर मात्र भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. राजकीय विश्वास ढळला, की दीर्घकाळ टिकलेली तडजोडही डळमळते, असे यावरून दिसते.

इतर करार : १९७६ व १९७७ साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी मद्रास शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी कृष्णेतील आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घन फूट पाणी देण्याचे मान्य केले. यातूनच तेलुगू गंगा प्रकल्प साकार झाला आणि १९९६ मध्ये पाणी तमिळनाडूत पोहोचले. यमुनेच्या वरच्या खोऱ्यातील पाण्यासंबंधी १२ मे १९९४ रोजी उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान, हिमाचल प्रदेश व दिल्ली यांच्यात सामंजस्य होऊन देखरेखीसाठी मंडळ स्थापन झाले. महाराष्ट्र व गोवा यांनी तिलारी प्रकल्प संयुक्तपणे उभारला. याउलट म्हादईच्या (मांडवी) पाण्याबाबत गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांत समेट झाला नाही. २०१० साली नेमलेल्या न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये निर्णय दिल्यावरही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

तडजोडीच्या मर्यादा : रावी-बियास तंट्यात ३१ डिसेंबर १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या पुढाकाराने पंजाब, हरियाणा व राजस्थान यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला आणि न्यायालयातील दावे मागे घेण्यात आले. परंतु पंजाबातील विरोधी पक्षांना व शेतकऱ्यांना तो मान्य नव्हता. सतलज-यमुना जोडकालव्याविरुद्ध १९८२ साली आंदोलन उभे राहिले. १९९० मध्ये कालव्यावरील अभियंत्यांच्या हत्येनंतर काम थांबले आणि २००४ साली पंजाब विधानसभेने सर्व जलकरार संपुष्टात आणणारा कायदा केला. तो घटनाबाह्य असल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिले, तरी कालवा पूर्ण झाला नाही. वरून घडवून आणलेल्या समेटास लोकमताचा आधार नसेल, तर तो कागदावरच राहतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

कावेरीच्या बाबतीत १९२४ च्या करारातील काही तरतुदींच्या फेरविचाराची पन्नास वर्षांची मुदत १९७४ मध्ये संपली. मंत्रिपातळीवर वीसहून अधिक बैठका होऊनही नवी सहमती झाली नाही व १९९० साली न्यायाधिकरण नेमावे लागले. १९९१ च्या अंतरिम आदेशानंतर कर्नाटकात तमिळ भाषकांविरुद्ध दंगली उसळल्या. २००७ चा अंतिम निवाडा २०१३ मध्ये राजपत्रात आला आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुरुस्ती करून तमिळनाडूस ४०४.२५ व कर्नाटकास २८४.७५ अब्ज घन फूट पाणी दिले. या काळातील एक उपक्रम उल्लेखनीय आहे. २००३ मध्ये दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांनी ‘कावेरी कुटुंब’ या नावाने एकत्र येऊन परस्परांची शेते पाहिली आणि टंचाईच्या वर्षी पाणी कसे वाटावे याचा विचार केला. त्यांच्या चर्चेस शासकीय मान्यता नसल्याने तिचे करारात रूपांतर झाले नाही. परंतु एरवी शत्रू म्हणून रंगविले गेलेले लोक एकमेकांच्या अडचणी समजून घेऊ शकतात, हे तिने सिद्ध केले.

कायद्यातील सुधारणा : २००२ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरण नेमण्यास एक वर्षाची व निर्णय देण्यास तीन वर्षांची (वाढवून पाच) कालमर्यादा घालण्यात आली आणि निर्णयास सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ देण्यात आले. प्रत्यक्षात या मर्यादा पाळल्या गेल्या नाहीत. २०१९ च्या विधेयकात एकच स्थायी न्यायाधिकरण आणि त्याआधी सलोख्याचा प्रयत्न करणारी तज्ज्ञांची विवाद निवारण समिती यांची तरतूद होती. लोकसभेने ३१ जुलै २०१९ रोजी ते संमत केले. परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून निवाडा व मध्यस्थी हे परस्परविरोधी मार्ग नसून परस्परपूरक आहेत, असे दिसून येते. गोदावरीवरील राज्ये समेटास आली, ती न्यायाधिकरण समोर असताना. आणि त्यांच्या करारांना स्थैर्य लाभले, ते न्यायाधिकरणाने ते निर्णयात अंतर्भूत केल्यामुळे. तडजोड यशस्वी होण्यासाठी काही गोष्टी आवश्यक ठरतात : प्रवाहाच्या मोजमापाची सर्वमान्य व्यवस्था, प्रत्येक पक्षास देता-घेता येईल असे काही तरी, टंचाईच्या वर्षाचे आगाऊ ठरलेले सूत्र, देखरेखीची कायम यंत्रणा आणि दोन्ही पक्षांस विश्वसनीय वाटणारा मध्यस्थ. केंद्र व राज्ये यांतील पक्षीय राजकारणामुळे केंद्र शासनास ही शेवटची भूमिका नेहमीच निःपक्षपणे वठविता आलेली नाही. तंटा जितका लांबतो, तितकी राज्ये आपला हक्क प्रस्थापित करण्यासाठी धरणे बांधण्याची घाई करतात, आणि एकदा बांधलेले धरण हाच नवा दावा बनतो. या विलंबाची किंमत अखेरीस कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आणि बुडिताखाली जाणारा ग्रामस्थ यांना मोजावी लागते. त्या दोघांना वाटाघाटींत स्थान देणारी पद्धती भारतात अद्याप रूढ झालेली नाही.